परवान्याचा भाव आणि मोजमापाचा काटा



प्रदूषणाचा परवाना विकत मिळतो, हे ऐकताच मन बिचकते. पैसे मोजा आणि धूर सोडा, ही कसली नीती, असा प्रश्न पडतो. प्रश्न रास्त आहे. तथापि, या व्यवहारात शासन प्रथम एकूण धुराची मर्यादा ठरवते आणि तेवढेच परवाने काढते. समजा, एक किलो धूळ रोखण्यास एका कारखान्याला दहा रुपये लागतात, दुसऱ्यास चाळीस. पहिला अधिक धूळ रोखतो आणि उरलेले परवाने दुसऱ्यास मधल्या भावाने विकतो. दोघांचाही लाभ होतो आणि एकूण मर्यादा अबाधित राहते.

अर्थात, परवान्याचे मोल त्याच्या टंचाईत आहे. युरोपीय संघाने २००५ मध्ये कार्बनचा बाजार सुरू केला. परवाने बहुतांशी विनामूल्य आणि सढळ हाताने वाटले गेले. एप्रिल २००६ मध्ये प्रत्यक्ष उत्सर्जनाचे आकडे बाहेर आले आणि परवाने गरजेपेक्षा अधिक असल्याचे उघड झाले. टनाला सुमारे ३० युरोंचा भाव अल्पावधीत निम्म्यावर आला. २००७ मध्ये तो जवळजवळ शून्याला टेकला. पुढे संघाने वाटप आवळले, अतिरिक्त परवाने राखीव साठ्यात वळवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये भावाने १०० युरोंचा टप्पा ओलांडला.

आपल्याकडील उदाहरण सुरतेचे आहे. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने तेथे २०१९ मध्ये धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार उभारला. धूलिकणांसाठी जगातील हा पहिलाच. कोळसा जाळणारे, मुख्यतः कापड उद्योगातील कारखाने त्यात आले. धुराड्यांवर अखंड मोजणी करणारी यंत्रे बसली. ८० टक्के परवाने विनामूल्य, उरलेले लिलावाने. भाव किलोला ५ ते १०० रुपयांच्या मर्यादेत. हिशेब न जुळल्यास अनामत रकमेतून भरपाई वसूल करण्याची तरतूद होती. जुन्या पद्धतीने चालणाऱ्या कारखान्यांशी तुलना करता उत्सर्जन २० ते ३० टक्के घटल्याचे अभ्यासकांना आढळले.

भारताने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. तिच्यात एकूण उत्सर्जनावर नव्हे, तर उत्पादनाच्या प्रत्येक एककामागील उत्सर्जनावर मर्यादा आहे. म्हणून उत्पादन वाढले, तर एकूण धूरही वाढू शकतो. ही उद्दिष्टे किती कडक, मोजमाप कोण करतो आणि ते तपासतो कोण, हे प्रश्न जागरूक नागरिकांनी सतत विचारले पाहिजेत. काटाच खोटा असेल, तर त्यावर ठरलेला भावही खोटाच ठरतो, आणि त्याची किंमत धुराड्यांच्या छायेत राहणारी मुले आपल्या श्वासाने मोजतात.