ओव्हल्टिनचा डबा आणि बुधवारचे आठ



आज मी तुम्हाला एका डीजेची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. डीजे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं वरातीपुढची ती गाडी येते, जिच्या आवाजानं घरातली भांडी वाजायला लागतात. पण या शब्दाचा मूळ अर्थ तसा नाही. गाण्याच्या तबकड्या लावणारा आणि दोन गाण्यांच्या मधे ऐकणाऱ्यांशी बोलणारा, तो डीजे. रेडिओवर आता त्याला आरजे म्हणतात. आपल्या आयांच्या वेळी निवेदक म्हणायचे.

विषय निघाला तो मागच्या महिन्यात. एका गटातल्या मावशी आपल्या केंद्रावर आल्या होत्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना इतक्या येतात की एक संपली की दुसरी हात धरून येते. आमचं म्हणणं, मावशींनी नुसत्या ओव्या म्हणू नयेत, मधे मधे बोलावंसुद्धा. ही ओवी कुणाकडून शिकले, कोणत्या कामाच्या वेळी म्हणायची, असं. म्हणजे मावशींनीच निवेदक व्हायचं. ओव्यांना त्या तयार होत्या. बोलायचं म्हटल्यावर पदर तोंडाला लावला. "ताई, मी न्हाई बोलायची. मी पानी म्हनते, लोनी म्हनते. पोरं हसत्यात."

तेव्हा मी त्यांना अमीन सयानींची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

अमीनभाईंचा जन्म 21 डिसेंबर 1932 चा, मुंबईचा. पण गोष्ट त्यांच्या आईपासून सुरू होते. आईचं नाव कुलसूम सयानी. त्या मुंबईत प्रौढ शिक्षणाचं काम करायच्या. ज्या बायका पडद्यात राहायच्या, वर्गाला येऊच शकत नव्हत्या, त्यांच्या घरी शिकवायला शिक्षिका पाठवायच्या. बायका अक्षरं तर शिकल्या, पण पुढं वाचायचं काय? पुस्तकातली भाषा जड. म्हणून 1940 मध्ये कुलसूमबाईंनी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढलं. रहबर म्हणजे वाट दाखवणारा. नुकतं वाचायला लागलेल्या माणसांसाठी ते होतं. भाषा एकच, साधी बोलीतली हिंदुस्थानी, आणि छपाई तीन लिप्यांत: देवनागरी, उर्दू आणि गुजराती. गांधीजींचा या कामाला पाठिंबा होता. ते वीस वर्षं चाललं.

धाकटा अमीन आईला त्या कामात मदत करायचा. एखादा शब्द अवघड वाटला की सोपा शोधायचा, लांब वाक्य आलं की तोडायचं. बाई आत्ता कुठं अक्षर लावायला शिकलीय, तिला अडखळायला लावायचं नाही. पुढं रेडिओवर ज्या भाषेवर लोकांनी जीव टाकला, ती भाषा या मुलानं इथं कमावली.

रेडिओची ओळख करून दिली थोरल्या भावानं, हमीद सयानींनी. ते इंग्रजी निवेदक होते. लहानपणीच अमीनला त्यांनी स्टुडिओत नेलं. पण अमीन मोठा झाल्यावर आकाशवाणीच्या हिंदी विभागात आवाजाची परीक्षा द्यायला गेला, आणि नापास झाला. वाचन चांगलं आहे, पण उच्चारात गुजरातीची आणि इंग्रजीची छाप आहे, असं सांगितलं. हे त्यांनी स्वतःच पुढं मुलाखतींत सांगितलेलं आहे.

इथं मावशींनी पदर खाली घेतला. "म्हंजे त्येलाबी हसले?"

हो मावशी. त्यालाबी.

त्या वेळी रेडिओ सिलोनसाठी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचे. सिलोन म्हणजे आजची श्रीलंका. भावानं सांगितलं, तिथं जाऊन नुसता बस, ऐक, शीक. अमीन बसायला लागला. एक दिवस 'ओव्हल्टिन फुलवारी' नावाच्या कार्यक्रमात जाहिरात वाचणारा आलाच नाही. समोर बसलेल्या पोराला उभं केलं. तेव्हापासून ते काम त्याला मिळालं, आणि मोबदला काय, तर दर आठवड्याला ओव्हल्टिनचा एक डबा. दुधात घालून प्यायची ती भुकटी.

यावर माझं मत सांगते. अशा गोष्टी सांगताना लोक म्हणतात, बघा, फुकट काम केलं म्हणून मोठा झाला. मी तसं म्हणणार नाही. अमीनभाईंचे वडील डॉक्टर होते. डब्यावर भागत होतं, कारण घरी चूल पेटलेली होती. आपल्यातली बाई ध्वनिमुद्रणाला येते तेव्हा तिचा रोज बुडतो. खुरपणीची मजुरी जाते. तिला चहा आणि टाळ्या देऊन परत पाठवायचं, हे मला पटत नाही.

पुढं चला. सिलोनवर हिंदी गाणी का, असं कुणी विचारेल. तर 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर हे आपले मराठी गृहस्थ केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे मोठे चाहते. सिनेगीतांनी लोकांची रुची बिघडते असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली. शास्त्रीय गायकांना त्यांच्या काळात मान मिळाला, हे खरं. पण लोकांना काय आवडावं हे वरून ठरवायला गेलं की लोक दुसरं दार शोधतात. ते दार कोलंबोला होतं. महायुद्धाच्या काळातलं ताकदवान प्रक्षेपण यंत्र तिथं होतं, आणि शॉर्टवेव्हवरून त्याचा आवाज समुद्र ओलांडून आपल्या गावांपर्यंत पोचायचा. कधी जवळ यायचा, कधी लाटेसारखा लांब जायचा. लोक सेट कानाशी धरून बसायचे.

त्याच वर्षी 3 डिसेंबरला, बुधवारी, सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बिनाका ही टूथपेस्ट. त्यांना एक असा तरुण हवा होता जो लिहील, बोलेल, कार्यक्रम बांधील आणि आलेली पत्रंही तपासेल. पगार आठवड्याला 25 रुपये. एवढ्या पैशात एवढी कामं करायला जाणते लोक तयार नव्हते. अमीनभाईंनी काम घेतलं. तेव्हा ते वीस वर्षांचेही झाले नव्हते.

अर्ध्या तासाचा कार्यक्रम, सात गाणी. सुरुवातीला ती स्पर्धा होती: गाणी वाजवायची, आणि कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं याचा क्रम लोकांनी पत्रानं कळवायचा. बक्षीस 100 रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली. पुढं आठवड्याला साठ हजारांच्या वर जायला लागली. तपासणार कोण? शेवटी स्पर्धा बंद करून लोकप्रिय गाण्यांची उतरंड सुरू केली. आठवड्याचं कोणतं गाणं कितव्या पायरीवर, ते सांगायचं. पायरीला ते पायदान म्हणायचे.

आता ही पायरी ठरायची कशी, ते बचत गटातल्या बायकांनी नीट ऐकावं. आधी रेकॉर्डच्या दुकानांतून विक्रीचे आकडे मागवत. पण त्यात घोळ होता. एखादी रेकॉर्ड इतकी खपली की दुकानात संपली, तर पुढच्या आठवड्याचा आकडा शून्य. म्हणजे सगळ्यांत आवडलेलं गाणंच मागं पडायचं. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतं घ्यायला लागले. चार घरं एकत्र येऊन रेडिओ ऐकणार, संघाचं नाव ठेवणार, आपलं मत पत्रानं कळवणार. एकट्या बाईचं पत्र एक असतं. गटाच्या पत्राला वजन येतं, हे तुम्हाला मी कशाला सांगू?

अमीनभाईंची हाक होती "बहनो और भाइयो". तोवर सगळे भाऊ आधी, बहिणी नंतर म्हणायचे. यांनी बहिणी पुढं आणल्या. लहानशी गोष्ट वाटेल. पण आपल्याकडं गाण्याची फर्माईश सांगतानासुद्धा बाई आधी नवऱ्याचं नाव सांगते, मग मुलांची, आणि स्वतःचं सांगायचं राहून जातं. आम्ही विचारलं की म्हणते, "माझं कशाला?" कुणी तर म्हणते, गाणं लावा पण नाव घेऊ नका, घरी चालत नाही. आम्ही तिचं नाव घेत नाही. गाणं मात्र लावतो.

गीतमाला सिलोनवर पस्तीसहून जास्त वर्षं चालली. 1989 मध्ये विविध भारतीवर आली. त्याच आकाशवाणीवर, जिनं एकदा परत पाठवलं होतं! अमीनभाईंना 2009 मध्ये पद्मश्री मिळाली. 20 फेब्रुवारी 2024 ला ते गेले.

आणखी एक सांगायचं राहिलं. ते इतकं सहज बोलायचे की वाटावं, सुचेल तसं बोलतायत. पण ते सगळं आधी लिहिलेलं असायचं. गाण्याआधी काय सांगायचं, कुठं थांबायचं, सगळं. तेव्हा माइकवर येताना कागदावर उतरवून आणलंत तर कमीपणा मानू नका. लिहिता येत नसेल तर पोरीला सांगा, ती लिहील. मात्र तुम्ही बोलाल तसंच लिहायला सांगा. नाहीतर ती शाळेतली भाषा घालते आणि मग तुमचीच जीभ अडखळते.

मावशींना मी शेवटी नियम दाखवला. 2006 च्या धोरणानं संस्थांना असं केंद्र चालवायची परवानगी मिळाली. त्यात म्हटलंय की निम्मे तरी कार्यक्रम इथल्या लोकांच्या सहभागातून व्हावेत, आणि शक्यतो इथल्याच भाषेत, बोलीत व्हावेत. आपला आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. तेवढ्या टापूत लोणी म्हणणारे किती आणि लोनी म्हणणारे किती, मोजून बघा.

मावशींनी नियम ऐकून घेतला. मग विचारलं, "रोज किती द्याल?" आम्ही गटाच्या बैठकीत बोललो, खुरपणीला चालू आहे तेवढा रोज ठरला. ध्वनिमुद्रण झालंय. मधे एकदा त्या हसल्यात, ते आम्ही काढलेलं नाही.

येत्या बुधवारी रात्री आठ वाजता ऐका. आठ ही वेळ गीतमालेचीही होती, पण मावशींनी ती मागितली त्याचं कारण वेगळं: तोवर भाकरी उरकलेली असते. ऐकून झाल्यावर गटाच्या नावानं पत्र टाका. मावशींना वाचून दाखवायचं आहे.