रस्ता कुणाचा?



गावात आपली वस्ती गावकुसाबाहेर. तिथं वेस डोळ्यांना दिसायची. शहरात ती दिसत नाही, म्हणून आपली शिकलेली पोरं म्हणतात, शहरात जात नाही. मी म्हणतो, शहराचा नकाशा उघडा आणि एवढंच बघा : रस्ता कुठून निघतो, कुठं जातो, आणि मधल्या माणसाला त्यावर पाय ठेवता येतो का.

आपली वरळीच घ्या. १९२० नंतर सरकारनं इथं १२१ बीडीडी चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्या खुराड्याचं कौतुक मला कुणी सांगू नये. पण वस्तीला दहा तोंडं होती. कुठूनही शिरा, कुठूनही निघा. डिलाईल रोड, परळ, नायगाव, सगळं पायाखालचं.

चळवळ याच वाटांनी चालली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत पँथरची सभा उधळली, दंगल पेटली. १० तारखेच्या निषेध मोर्चावर वरून दगड पडला, भागवत जाधव शहीद झाला. वस्तीला वस्ती जोडणारी वाटच व्यवस्थेला खुपते.

आता किनाऱ्याकडं बघा. २००९ ला सागरी सेतू झाला. पायी माणसाला मज्जाव, दुचाकीला मज्जाव, रिक्षाला मज्जाव. २०२४ ला किनारा मार्ग सुरू झाला, तिथंही दुचाकीला बंदी. मरीन ड्राइव्हची मोटार वरळीत न थांबता वांद्र्याला पोचते. लांबचं लांबाला जोडलं. शेजाऱ्याला शेजारी कोण जोडणार? खर्च मात्र सगळ्यांच्या पैशातनं!

चाळींच्या जागी टॉवर येताहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचं घर. तो हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. पण आपण फक्त चौरस फूट मोजत बसलो. वाटा कुणी मोजल्या? दहा तोंडांच्या जागी एकच गेट राहिलं, तर उद्या शेजारच्या वस्तीतला पोरगा सभेला येताना वॉचमनच्या वहीत काय लिहील? नाव. मग आडनाव. मित्रांनो, झाली की नाही वेस परत उभी?

महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हे आपण दरवर्षी सांगतो. पण त्या पाण्यापर्यंत आपली माणसं भर गावातल्या रस्त्यानं रांगेनं चालत गेली, हे विसरतो. तो सत्याग्रह पाण्याचा होता, तसा रस्त्याचाही होता.

म्हणून सांगतो, पुनर्विकासाच्या मीटिंगला जाल तेव्हा खोलीचा नकाशा बघून सही ठोकू नका. अख्ख्या वस्तीचा नकाशा मागा. बोट ठेवून विचारा : जुनी वाट कुठं गेली? बाजाराकडं, शाळेकडं, बसस्टॉपकडं, बुद्धविहाराकडं चालत कसं जायचं? रात्री गेट बंद होणार का? उत्तर लेखी घ्या. नाही दिलं, तर रस्त्यावर या. रस्ता आहे तोवरच रस्त्यावर येता येतं!

जय भीम!