देशाचा सातबारा
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी तेहतीस वर्षं तलाठी होतो. त्यामुळे भेटणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य असतं, "आमचा सातबारा बघ जरा." आज सकाळीसुद्धा तिघांनी विचारलं! म्हणून म्हटलं, आज अख्ख्या देशाचाच उतारा थोडा वाचू.

भूगोलाच्या तासाला गुरुजी लागवडीखालची जमीन हिरव्या खडूनं रंगवायचे. देशात ती १९५०-५१ साली ११.९ कोटी हेक्टर होती. पडीक रानं फोडत १९७० च्या सुमारास ती १४ कोटींवर गेली आणि आजही तिथंच आहे. वाटतं, चला, जमीन तरी जागेवर राहिली. पण घरं, रस्ते, कालवे, कारखाने यांच्याखाली १९५०-५१ ला ९४ लाख हेक्टर होती, ती अडीच कोटींच्या पुढे गेली. मग शेतीचा आकडा हलला कसा नाही?

पीकपाहणीला फिरताना मला उत्तर दिसायचं. रस्त्याकडेचं काळं रान एनए होऊन त्याचे प्लॉट पडत. तिकडे माळावर, मुरमात, नांगर चाले. बेरीज तीच राहिली, माती उतरली.

आपल्याकडचा माळ म्हणजे गायरान, गावाच्या गुरांसाठी राखलेलं. त्यावरचं सगळंच अतिक्रमण धनदांडग्यांचं नव्हतं, हेही सांगतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते उगाच नाही. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यानं माळ फोडला, तर त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पंधरा एकरवाल्यानं बांध सरकवला, त्याची गोष्ट वेगळी.

आणि आपली शाळा? तीही गायरानावरच आहे. जुना उतारा काढला तेव्हा मला कळलं.

आपल्या वर्गात एका मेंढपाळाचा मुलगा होता, आठवतो? दिवाळी झाली की कळपाबरोबर कोकणात उतरायचा. आपण त्याला 'पाहुणा' म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी बाजारात भेटला. मेंढरं विकली म्हणाला, चारायची कुठं? मग हसत म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या बारा नंबरात आमचा रकाना होता का हो?" नव्हता. पिकाचा होता, पाण्याच्या साधनाचा होता, पडीचाही होता. बाकावर शेजारी बसलेला मित्र मला 'भाऊसाहेब' आणि 'अहो' म्हणाला, तेही लागलं.

आज आपण शाळेच्या कुंपणभिंतीसाठी वर्गणी काढतोय. माझी मी दिली आहे. फक्त एक विनंती आहे. मैदानाच्या ओढ्याकडच्या कडेनं एक वाट जाते. गावनकाशात ती तुटक रेषेनं दाखवलेली आहे. अजून दोन-तीन कळप तिथूनच पाण्यावर जातात. तेवढ्या जागी भिंत घालू नका, वाट मोकळी ठेवा. नकाशाची प्रत मी पिशवीत आणली आहे. जेवायला बसण्याआधी समितीच्या मंडळींनी पाच मिनिटं द्यावीत.