पाच दिवसांचा माल्टा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



एकतीस वर्षं मी सोलापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवला. त्यात भूमध्यसागरी हवामानाचा धडा किती वेळा घेतला असेल, त्याची गणती नाही. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, ऑलिव्हची झाडं, द्राक्षांचे वेल. भिंतीवर नकाशा टांगायचा, पट्टीचं टोक त्या निळ्या समुद्रावर ठेवायचं आणि बोलत राहायचं. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, पाऊस हिवाळ्यातच पडतो, तर उन्हाळ्यात त्यांना पाणी कसं पुरतं?" मुलगी सोलापूरची. घरी नळाला चार दिवसांआड पाणी येणारी. तिला हा प्रश्न पडणारच. मी विहिरी, तलाव, साठवण असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घंटा झाली, म्हणून सुटले.

त्या प्रश्नाचं उत्तर बघायला आम्ही दोघं येत्या मार्चमध्ये माल्टाला जायचं म्हणतो आहोत. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास. आज मी बोलणार आहे ते या प्रवासाच्या तयारीबद्दल. प्रवासवर्णन ऐकायला मिळेल अशी कुणाची अपेक्षा असेल, तर आधीच माफी मागते.

माल्टाच का, असं सगळे विचारतात. आमच्या जुळे सोलापुरातल्या शेजाऱ्यांना तर तो मॉरिशसच्या जवळचा वाटला होता. माल्टा म्हणजे इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेला साधारण नव्वद किलोमीटरवर असलेला चिमुकला देश. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर. आपल्या सोलापूर जिल्ह्यात असे चाळीसहून अधिक माल्टा मावतील. मुख्य बेटाची लांबी सत्तावीस किलोमीटर, म्हणजे इथून अक्कलकोटला पोचायच्या आतच देश संपला! आणि या देशात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. पाऊस वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही बहुतेक ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. तिथे पाच लाखांवर माणसं राहतात आणि शिवाय पाहुणे येतात ते वेगळेच. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न याहून नेमक्या जागी विचारता येणार नाही.

दुसरं कारण जरा हळवं आहे. माल्टाच्या गोझो या बेटावर समुद्रानं कोरलेली एक प्रचंड दगडी कमान होती. 'अझुर विंडो' म्हणायचे तिला. तिचं मासिकातून कापलेलं चित्र मी वर्गात पुठ्ठ्यावर डकवून ठेवलं होतं. लाटांच्या खननकार्याचा धडा आला की ते काढायचं. ८ मार्च २०१७ रोजी वादळात ती कमान कोसळली, होती-नव्हती झाली. तेव्हा मी नोकरीत होते. पुढच्या पिढ्यांना मी "अशी कमान असते, आणि ती अशी जाते" असं एकाच चित्रावर शिकवलं. पण त्या दिवशी घरी येऊन यांना पहिल्यांदा म्हटलं, "अहो, आपण एकदा जाऊन येऊ या." ते म्हणाले, निवृत्त झाल्यावर. मग करोना आला. आणि त्यानंतर यांची अँजिओप्लास्टी झाली.

त्यामुळे या सहलीत मौजेबरोबर थोडी धाकधूकही आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, पण पुण्याची लेक अजून तयार नाही. "आई, जायचंच तर ग्रुप टूरनं जा. बरोबर माणसं असतात." तिचं चुकत नाही. आम्ही एका टूरची माहितीही आणली होती. बारा दिवसांत पाच देश. यांनी तो कागद वाचला आणि विचारलं, "यात बसून चहा कुठे प्यायचा, ते लिहिलेलं दिसत नाही." रोज पहाटे बॅग भरून बसमध्ये चढायचं त्यांच्यानं होणार नाही. मग आम्ही ठरवलं, एकच बेट, एकच खोली, पाच पूर्ण दिवस. खर्चाची मर्यादा दोघांचे मिळून तीन लाख. एक ठेव मोडली आहे. दुसरी मोडायची नाही, असा करार आहे.

पहिला प्रश्न महिन्याचा. स्वस्त तिकिटं कधी आहेत ते बघून सुरुवातीला मी जुलै धरला होता. चाळिशीच्या वर तापणाऱ्या गावातून आलेल्या माणसांना तिथला तिशी-बत्तिशीचा उन्हाळा काय करणार, असा माझा हिशेब. पण समुद्राकाठची दमट हवा, सावली नसलेले दगडी रस्ते आणि ऐन हंगामातली गर्दी हे सगळं या पाहुण्या हृदयाला सोसायचं होतं. शेवटी मार्च ठरला. हवा थंड असेल, समुद्रात उतरता येणार नाही. पण आम्हा दोघांना पोहता येतंय कुठे? हिवाळ्यातल्या पावसानं बेट मार्चमध्येच हिरवं असतं, मे-जूनपर्यंत ते वाळून पिवळं पडतं. मार्चचा एक तोटा म्हणजे वारा. ईशान्येकडून जोराचा वारा सुटला की छोट्या होड्या बंद होतात, कधी गोझोच्या फेरीबोटीही थांबतात. म्हणून गोझोला जायचा दिवस मी शेवटी न ठेवता दुसराच ठेवला. बोट चुकलीच, तर हाताशी तीन दिवस राहतात. आणखी एक खाचखळगा कॅलेंडर चाळताना सापडला. १९ मार्चला सेंट जोसेफच्या सणाची तिथे सुट्टी असते. त्या दिवशी काय उघडं, काय बंद, ते आधी बघून ठेवायला हवं.

आता कागदपत्रं. पासपोर्टसाठी आता पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत, सोलापुरातच पोस्टात सोय आहे. यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव इंग्रजांच्या वेळच्या स्पेलिंगनं 'शोलापूर' आणि आधारवर 'सोलापूर'. माझ्या पदवीवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. आमच्या वयाच्या बहुतेक बायकांचा हा घोळ असतो. तो पासपोर्टच्या आधीच निस्तरा, असं मी मैत्रिणींना मुद्दाम सांगते. विवाह नोंदणीचा दाखला आम्ही लग्नानंतर अडतीस वर्षांनी काढला. दोघं हार न घालता जाऊन उभे राहिलो, एवढाच फरक!

माल्टा शेंगेन देशांपैकी एक आहे, तेव्हा व्हिसा शेंगेनचा. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून ते पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. पण पंधरा दिवसांवर येऊ नये. निकालाला एरवी पंधरा दिवस लागत असले, तरी पंचेचाळीसही लागू शकतात. मोठ्या माणसाला शुल्क ९० युरो. अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला स्वतः जावं लागलं. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालो, सकाळी मुंबईत. बँकेचे, पेन्शनचे कागद, मुक्कामाचं आरक्षण, रोजचा कार्यक्रम, सगळं नीट फाइलला लावून नेलं होतं. पर्यवेक्षकासमोर टाचणवही ठेवायची सवय इथे उपयोगी पडली.

व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. इथे एका एजंटानं आम्हाला सल्ला दिला, "काका, अँजिओप्लास्टीचं लिहू नका. हप्ता वाढतो, कटकट होते." हे क्षणभर विरघळले. मी म्हटलं, "अहो, विमा काढायचा तो ज्याच्यासाठी, तेच लपवायचं?" तिकडे काही झालं आणि इथले जुने कागद निघाले, तर दावा फेटाळला जाणार. परक्या गावात रुग्णालयाचं बिल घेऊन मी एकटी कुठे जाऊ? आम्ही खरं लिहिलं. हप्ता वाढलाच. शिवाय जुन्या आजारासाठी संरक्षण मिळालं ते जिवावर बेतलं तरच, आणि ठरावीक रकमेपर्यंतच. ते कलम मी दोनदा वाचलं आणि लेकीलाही पाठवलं. त्या रात्री तिचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "बाबांच्या गोळ्या दोन बॅगांत वाटून ठेवणार आहेस ना?" म्हणजे निम्मी परवानगी मिळाली, असं आम्ही समजतो.

मुंबईहून माल्टाला थेट विमान नाही. इस्तंबूल, दुबई किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात ते बदलावं लागतं. यात एक बारकावा आहे. रोमसारख्या शेंगेनमधल्या शहरात विमान बदललं, तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते. त्या रांगेत किती वेळ जाईल याचा नेम नाही. म्हणून आम्ही दोन विमानांमध्ये चांगले चार तास राहतील असं पाहिलं आहे.

मुक्कामाची जागा निवडण्यात मात्र माझे आठ दिवस गेले. राजधानी व्हॅलेटा ही किल्ल्यासारखी उंचावर वसवलेली. १५६५ साली तुर्कांचा मोठा वेढा परतवल्यावर तिथल्या सरदारांनी ती बांधायला घेतली. अख्खं गाव जागतिक वारसा आहे, सगळं खरं. पण फोटो मोठे करून पाहिले, तर गल्ल्यांना पायऱ्याच पायऱ्या! मग वेशीच्या बाहेरचं फ्लोरियाना सापडलं. तिथून सपाट रस्त्यानं बसचा मुख्य थांबा चालत गाठता येतो. आणि तिथल्या चर्चसमोरच्या पटांगणात गोल दगडी झाकणं दिसली. चौकशी केली, तर ती निघाली पेवं! वेढ्याच्या भीतीनं जमिनीत धान्य साठवायची. यांचं आजोळ मंगळवेढ्याकडचं, लहानपणी त्यांनी ज्वारीचं पेव उपसताना पाहिलेलं. त्यांनी तिथेच निकाल दिला, "इथेच राहायचं."

पाण्याचं म्हणाल, तर माझी वही भरत चालली आहे. व्हॅलेटात प्रत्येक घराखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी असलीच पाहिजे, असा त्या सरदारांचा नियम होता. गाव वाढलं, टाक्या पुरेनात, तेव्हा १६१० ते १६१५ या काळात डोंगराकडून कमानींवरून पाणी आणलं. त्या कमानींचे अवशेष आजही बसमधून दिसतात. आणि आजचं उत्तर? नळाला येणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून आणलेलं असतं. त्याला वीज किती लागते, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तलाव खणून घेतला, पुढे उजनी आलं. दोन कोरडी गावं आपापल्या परीनं काय करत आली, हे शेजारी शेजारी ठेवून बघायचं आहे.

या वहीमुळे बरंच काही गाळता आलं. मी आधी एकोणीस ठिकाणं लिहिली होती. यांनी रोज संध्याकाळी कंबर तलावावर माझ्याबरोबर चालून पाहिलं. चार किलोमीटर आरामात, पुढे बाक शोधावा लागतो. ठिकाणं नऊवर आली. हायपोजियम हे पाच हजार वर्षांपूर्वीचं भुयारी दफनस्थान. तासाला फक्त दहा माणसं सोडतात, तिकीट फार आधी काढावं लागतं. खाली उतरायचं, म्हणून यांनी नको म्हटलं. तिकीट माझं एकटीचं काढलं. त्या वेळात हे व्हॅलेटातल्या वरच्या बागेत बसून दुपारी बाराची तोफ ऐकणार. इतिहास हा त्यांचा विषय. १८७८ साली रशिया-तुर्कस्तानच्या भांडणात इंग्रजांनी सुमारे सात हजार हिंदी शिपाई बोटींतून माल्टात नेऊन ठेवले होते, आणि त्यात मुंबई इलाख्यातल्या पलटणीही होत्या, हे त्यांनीच शोधून काढलं. "आपण पहिले नाही," असं ते आता सगळ्यांना सांगतात.

एका गोष्टीवर मात्र पाणी सोडायला जिवावर आलं. तिथल्या म्नाइद्रा या प्राचीन मंदिरात विषुवदिनाला उगवत्या सूर्याचा किरण थेट दारातून आत जातो. २० मार्चला आम्ही तिथेच असणार! पण पहाटेच्या त्या कार्यक्रमाला मोजकीच माणसं घेतात, आणि अंधारात बस मिळायची नाही. त्यात ढग आले तर काहीच नाही. मी त्याच दिवशी, पण उजाडल्यावर, सावकाश जाणार आहे.

जेवणाची काळजी सर्वांनी केली. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूप घरीच राहणार. शेंगदाणा चटणी आणि कडक भाकरी तर बरोबर असेलच. कडक भाकरी ही प्रवासासाठीच जन्मली आहे. तिथे वाटाण्याचं सारण भरलेली पेस्ट्री गाड्यावर मिळते म्हणतात, पण पिठात चरबी आहे का ते विचारायला हवं. विचारायला इंग्रजी चालतं. त्यांची स्वतःची भाषा अरबीतून आलेली, लिहितात रोमन लिपीत. जगाला ते 'दिन्या' म्हणतात, म्हणजे आपली दुनियाच. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बोळात ऐकणाऱ्या सोलापूरकराला तिथे फार परकं वाटू नये.

पासपोर्ट अजून व्हिसा होऊन परत यायचे आहेत. पक्कं तिकीट त्यानंतरच काढू. खोलीचं आरक्षण रद्द करता येईल असंच घेतलं आहे. मागच्या आठवड्यात नव्या पेठेत ती मागच्या बाकावरची मुलगी भेटली, आता तिची मुलगी आठवीत आहे. तिला सगळं सांगितलं. तिला स्वतःचा प्रश्न आठवत नव्हता. थोडा विचार करून ती म्हणाली, "बाई, तिथल्या नळाचं पाणी पिऊन बघा. खारट लागतं का, ते मला सांगा." वहीच्या पहिल्या पानावर मी ते लिहून ठेवलं आहे.