गुडघ्याची नैसर्गिक गती आणि शस्त्रक्रियेनंतरचे चालणे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा विषय शोधण्यास मला दूर जावे लागले नाही. मागील संमेलनात पंगती जमिनीवर मांडल्या होत्या, आणि पानावरून उठताना किती जण शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेत होते हे मी पाहत होतो. आधार घेणाऱ्यांत मीही होतो. डोंबिवलीत चाळीस वर्षे मी वैद्यकीचा व्यवसाय केला. पुढे माझा स्वतःचा उजवा गुडघाही बदलून घ्यावा लागला. तेव्हा या विषयाच्या दोन्ही बाजू मला अनुभवाने ठाऊक आहेत.

ही शस्त्रक्रिया आता नवलाची राहिलेली नाही. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला. याच राणावतांचा १९७० च्या दशकात न्यूयॉर्क येथे आधुनिक कृत्रिम गुडघ्याच्या घडणीत मोठा वाटा होता. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. असो. शस्त्रक्रिया कशी करतात हे सांगण्याचा माझा हेतू नाही. ती झाल्यावर घरी काय घडते, हे मला सांगावयाचे आहे.

गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नव्हे. पाय दुमडताना मांडीच्या हाडाचे टोक नडगीच्या हाडावर घरंगळतेही आणि घसरतेही. त्यातही सांध्याची आतली बाजू जात्याच्या खुंट्याप्रमाणे जवळजवळ जागीच राहते, आणि बाहेरची बाजू तिच्याभोवती मागे सरकते. याहून मौजेची गोष्ट पाय सरळ होताना घडते. शेवटच्या सुमारे वीस अंशांत नडगीचे हाड मळसूत्राप्रमाणे किंचित बाहेर वळते, अस्थिबंध ताणले जातात आणि सांधा कुलूप लावल्यासारखा स्थिर होतो. पुन्हा दुमडण्यापूर्वी गुडघ्यामागचा एक लहानसा स्नायू हे कुलूप उघडतो. डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत गर्दीच्या गाडीत तासाहून अधिक काळ उभे राहणारा आपला चाकरमानी या कुलपाच्याच जोरावर उभा असतो. अन्यथा त्याच्या मांड्या ठाण्यापर्यंतच भरून आल्या असत्या. गुडघा जरासा वाकवून दोन मिनिटे उभे राहून पाहा, म्हणजे माझ्या म्हणण्याची प्रचीती येईल.

सांध्यातील कूर्चा झिजली की हे कुलूप प्रथम बिघडते. वेदनेमुळे मनुष्य पाय पूर्ण सरळ करावयाचे टाळतो, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने मागच्या शिरा आखडतात. शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडावर धातूचे आवरण, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि त्यांमध्ये टणक प्लास्टिकची चकती बसवितात. बहुतेक प्रकारांत पुढचा मुख्य अस्थिबंध काढून टाकावा लागतो. त्यामुळे ती मळसूत्री फिरकी नव्या गुडघ्यात बहुधा पूर्ववत येत नाही. जे काम अस्थिबंध फुकटात करीत होते ते आता मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला करावे लागते. आणि नेमका हाच स्नायू शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात आपले निम्म्याहून अधिक बळ गमावून बसतो! सांधा शस्त्रवैद्याने दिला. स्नायू मात्र ज्याचा त्यालाच कमवावा लागतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. मी घरी आल्यावर पत्नीने मायेने गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली. फार बरे वाटे. इतरांना चाळीस वर्षे उपदेश करणारा मी त्या उशीवर पाय टाकून तीन आठवडे पडून राहिलो, आणि लक्ष सारे एकाच प्रश्नाकडे : गुडघा किती दुमडतो? रोज मोजमाप चाले. महिन्याअखेर पाय उत्तम दुमडू लागला, परंतु सरळ होईना. बारा-पंधरा अंशांचा वाक राहिला. भिंतीशी उभा राहिलो की मांडी थरथरे, आणि चालताना तो पाय आखूड असल्यासारखा लंगडे. व्यायामोपचार करणाऱ्या एका तरुण मुलीने पहिल्याच दिवशी उशी उचलून दूर फेकली आणि टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली न ठेवता टाचेखाली ठेवली. गुडघा अधांतरी राहून स्वतःच्या भाराने खाली जाऊ लागला. त्या दहा मिनिटांत डोळ्यांत पाणी येई. तो वाक जाण्यास मला चार महिने लागले. पहिल्या आठवड्यापासून काळजी घेतली असती तर बहुधा ते टळले असते.

दुमडण्याला महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा सुमारे ६० अंश दुमडतो, जिन्यासाठी ९० च्या आसपास लागतात, खुर्चीतून उठण्यास त्याहून थोडे अधिक. मांडी घालून बसण्यास १३० च्या आसपास अंश आणि शिवाय पिळाची हालचाल लागते. बदललेला गुडघा बहुधा ११० ते १२० पर्यंत जातो, आणि तोही शस्त्रक्रियेपूर्वी किती दुमडत होता यावर पुष्कळसा अवलंबून असतो. म्हणून शस्त्रक्रियेची वाट पाहत असलेल्यांनी आजपासूनच मांडीचे व्यायाम सुरू करावेत.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन चालवितात. घरी आल्यावर दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ, टाच घासत पाय दुमडावा; मग मांडी आवळून गुडघा गादीत दाबावा, आणि सरळ पाय वीतभर उचलून धरावा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. स्थानकाचे पूल आणि गाडीतील चौथी सीट यांच्या वाटेला काही महिने जाऊ नये. ठाणेकरांना तलावपाळी आहे, तेथील सपाट फेरी उत्तम. आपल्या फडके रोडवर सकाळी लवकर, गर्दीपूर्वी जावे. पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला, किंवा जखमेतून स्राव व ताप आला, तर मात्र व्यायाम थांबवून तत्काळ शस्त्रवैद्यास गाठावे.

एका भगिनीने मला चिठ्ठी पाठवून विचारले आहे की, पूजेला पाटावर बसता येईल काय. माझे उत्तर असे, की आपल्या शस्त्रवैद्याने अनुज्ञा दिली असेल तरच, आणि तरीही नेहमी नव्हे. देवापुढे खुर्ची मांडण्यात मला तरी अनमान वाटत नाही. मी स्वतः तसाच बसतो. व्यवस्थापकांना एवढीच विनंती, की पुढील वर्षी भोजनासाठी काही खुर्च्या हातांच्या आणि जरा उंच ठेवाव्यात. हातांवर भार देऊन उठता आले, तर आमच्यापैकी पुष्कळांना शेजाऱ्याचा खांदा लागणार नाही.