पाच दिवसांचा लीड ऑडिटर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या दिवाळीत माझा भाचा घरी आला होता. डिप्लोमा झालेला, भोसरीच्या एका कारखान्यात दोन वर्षं क्वालिटी विभागात काम करणारा. फराळाची ताटली हातात घेता घेताच त्यानं विचारलं, ''मामा, पाच दिवसांचा कोर्स केला की लीड ऑडिटर होता येतं ना? फी भरून टाकू का?'' मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या दिवशी घरात पाहुणे होते, बोलणं अर्धवट राहिलं. ते आज पूर्ण करतो.

'आयएसओ ९००१ मानांकित' अशी पाटी तुम्ही कारखान्याच्या फाटकावर पाहिली असेल, दवाखान्यात पाहिली असेल, एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेवरही पाहिली असेल. पुष्कळांना वाटतं, हे प्रमाणपत्र आयएसओ देते. जिनिव्हाची ही संस्था फक्त मानकं तयार करते, प्रमाणपत्र कुणालाच देत नाही. ते काम प्रमाणन संस्थांचं. या संस्था आपली माणसं तपासणीला पाठवतात आणि त्या चमूचा जो प्रमुख, तो लीड ऑडिटर. तपासणीचा आराखडा तो आखतो, कुणी काय पाहायचं ते ठरवतो, सुरुवातीची आणि शेवटची बैठक घेतो, मतभेद झाले तर निस्तरतो आणि शिफारस करतो. प्रमाणपत्र द्यायचं की नाही, याचा निर्णय मात्र संस्थेतला दुसराच माणूस घेतो, तपासणीला न गेलेला. ज्यानं ही व्यवस्था घातली, त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असावा.

आता कोर्स. तो साधारण चाळीस तासांचा असतो, म्हणून पाच दिवसांचा. आयएसओ ९००१ हे मानक तुम्हाला आधीच ठाऊक आहे, असं तिथं धरून चालतात. कोरी पाटी घेऊन गेलात तर पहिल्याच दुपारी घाम फुटतो. रोज नमुन्याची प्रकरणं सोडवायची, खोटी खोटी तपासणी करायची. शिकवणाराच हट्टी मॅनेजर होऊन समोर बसतो आणि तुम्हाला प्रश्न विचारू देत नाही. शेवटी लेखी परीक्षा. नापास होणारे बरेच असतात, त्यांना पुन्हा बसता येतं.

या पाच दिवसांत एक गोष्ट मात्र पक्की शिकवतात. त्रुटी लिहायची कशी. आमच्या बोलीत तिला 'एनसी' म्हणतात. एनसीत तीन गोष्टी हव्यात : मानकात काय अपेक्षित आहे, प्रत्यक्षात काय चुकलं आणि त्याचा पुरावा काय. 'स्वच्छता समाधानकारक नाही' असं लिहिणं म्हणजे एनसी नव्हे, ती सासूबाईंची तक्रार झाली. कोणतं यंत्र, कोणती तारीख, कोणत्या नोंदवहीचं कोणतं पान, हे आलं पाहिजे. ते वाचून तिसऱ्या माणसाला तीच गोष्ट सापडली पाहिजे.

पण हे वर्गात जमणं वेगळं. तपासणी कशी करावी, याचं मार्गदर्शन करणारं आयएसओ १९०११ नावाचं एक मानक आहे. त्याच्या २००२ च्या आवृत्तीत एक तक्ताच होता. पाच वर्षांचा कामाचा अनुभव, त्यातली दोन वर्षं गुणवत्तेच्या क्षेत्रात, चाळीस तासांचं प्रशिक्षण. मग जाणत्या माणसाच्या हाताखाली चार संपूर्ण तपासण्या, मिळून किमान वीस दिवसांच्या. एवढं केल्यावर तुम्ही ऑडिटर. लीड ऑडिटर व्हायला आणखी तीन तपासण्या, किमान पंधरा दिवस, चमूचं प्रमुखपद सांभाळून आणि तेसुद्धा कुणाच्या तरी नजरेखाली. मी शिकलो तो याच तक्त्याच्या काळात. २०११ च्या आवृत्तीत तो तक्ता गेला. नुसते दिवस मोजून माणूस तयार झाला की नाही ते कळत नाही, असं ठरलं. काय येतं, काय जमतं आणि वागणं कसं आहे, हे पाहायचं. मला हे पटतं, आणि का पटतं ते सांगतो.

२००६ साली कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मी शिकाऊ म्हणून गेलो होतो. माझे लीड ऑडिटर पन्नाशीचे, कमी बोलणारे. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. त्यांनी मला भट्टीचा विभाग दिला. मी नोंदवही मागवली. दर वितळणीला, म्हणजे तिथल्या भाषेत दर 'हीट'ला, लोखंडाचं तापमान लिहिलेलं. चौदाशे पन्नासच्या आसपास, सगळं मर्यादेत, सही जिथल्या तिथं. मी खूश. माझ्या तक्त्यात बरोबरची खूण केली.

सर आले. त्यांनी वही उघडलीच नाही. भट्टीवरचा माणूस चहा पीत होता, त्याच्या शेजारी फळीवर बसले. मुलं किती, गाव कुठलं, उन्हाळ्यात इथं उभं राहवतं का, असं पाचेक मिनिटं चाललं. मला वाटलं, वेळ फुकट जातोय. मग सरांनी विचारलं, ''काल रात्री लाईट गेली होती का हो?''

''गेलीती की. दहाला गेली ती बाराला आली. बसूनच होतो.''

सरांनी वही माझ्याकडे सरकवली. भट्टी विजेवर चालणारी. आणि आदल्या रात्रीच्या पानावर दहा ते बाराच्या दरम्यान दोन हीटची तापमानं लिहिलेली होती. एकाच पेनानं, एकाच हातानं, पाळी संपताना बसून भरलेलं पान होतं ते. वीस मिनिटांपूर्वी मी त्याच पानावर बोट ठेवून पुढं गेलो होतो.

पण खरं शिकलो ते त्यानंतर. मी एनसी लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीत 'भट्टीचालकाने सांगितले' असं लिहिलं. सरांनी ते खोडलं. म्हणाले, ''आपण चारच्या गाडीनं जाणार. त्याला उद्या इथंच यायचंय.'' मग ते वीजपुरवठ्याच्या नोंदी बघायला गेले. वीज केव्हा गेली, केव्हा आली, सगळं तिथं होतं. एनसीत वहीचं पान आलं, वीज बंद असल्याची वेळ आली, माणूस आला नाही. शेवटच्या बैठकीत मालक तापले. सरांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि ते गप्प बसले. मालकही थोड्या वेळानं बसले.

ऑडिटर हा शब्द लॅटिनमधल्या 'ऐकणे' या क्रियापदावरून आला, हे मला पुष्कळ पुढं कळलं. जुन्या काळी हिशेब वाचून दाखवत आणि तपासणारा ते ऐकत असे.

आयएसओ १९०११ मध्ये ऑडिटरच्या अंगी कोणते गुण हवेत, त्यांची यादी आहे. मोकळं मन, बारीक नजर, सभ्य बोलणं, चिकाटी वगैरे. त्यात एक गुण धैर्याचा आहे. आपलं म्हणणं समोरच्याला रुचणार नाही, वाद होईल, हे दिसत असताना जबाबदारीनं उभं राहणं. यादी वाचताना मी तो झरझर वाचून पुढं गेलो होतो.

लीड ऑडिटर झाल्यावर तिसऱ्या वर्षाची गोष्ट. सुटे भाग बनवणारा एक लहान कारखाना. उष्णतोपचार झालेला माल आणि न झालेला माल एकाच रॅकवर, ओळखपट्ट्या अर्ध्या गळून पडलेल्या. ही मेजर एनसी होती, मला शंका नव्हती. पण मेजर निघाली की ती दुरुस्त होईपर्यंत प्रमाणपत्र अडतं. मालक चांगला माणूस होता. मोठी ऑर्डर प्रमाणपत्रावर अडलीय, चाळीस घरं यावर चालतात, असं म्हणाला. संध्याकाळ झाली होती. मी ती नुसतं 'निरीक्षण' म्हणून नोंदवली. पैसे घेतले नाहीत, जेवणसुद्धा घेतलं नाही, आणि म्हणून मी स्वतःला स्वच्छ समजत होतो. आठ महिन्यांनी त्याच्या ग्राहकानं अख्खा लॉट परत पाठवला. कच्चे भाग मिसळून गेले होते. ऑर्डर गेली आणि पहिल्यांदा घरी बसले ते कंत्राटी कामगार. ज्या चाळीस घरांसाठी मी पेन हलकं केलं, त्यातलीच ही घरं होती.

हे मी कोर्सला येणाऱ्या मुलांना सांगतो. ऐकताना सगळे मान डोलावतात.

आणखी एक अडचण आहे. ९००१ येतं म्हणून माणूस कुठंही जाऊ शकत नाही. आयएसओ १७०२१ या मानकानं प्रमाणन संस्थांना बांधून घातलंय : ज्या उद्योगात पाठवता, त्या उद्योगाची जाण ऑडिटरला आहे, हे आधी तपासा. फाउंड्री कळणाऱ्याला दूध डेअरीचं पाश्चरायझेशन कळेलच असं नाही. अन्नसुरक्षेचं २२०००, माहिती सुरक्षेचं २७००१, कामगारांच्या सुरक्षिततेचं ४५००१, प्रत्येकाचा अभ्यास वेगळा. शिवाय जिथं तुम्ही सल्लागार म्हणून पैसे घेतलेत, तिथं निदान दोन वर्षं तपासायला जायचं नाही. आपण शिजवलं आणि आपणच चव सांगितली, असं चालत नाही.

भाच्याला मी मग फोनवर सांगितलं की फी आत्ता भरू नको. आधी तुमच्या कारखान्यातल्या अंतर्गत तपासणीत नाव दे. दुसऱ्या विभागात जा, शंभर प्रश्न विचार, दहा एनसी लिही आणि त्या विभागातल्या लोकांशी नंतर कँटीनमध्ये एकत्र जेवता येतं का बघ. कोर्स कुठं पळून जात नाही. फी भरताना मात्र त्या कोर्सला मान्यता कुणाची आहे, ते विचार. जाहिरातीत 'शंभर टक्के पास' लिहिलं असेल तर तिकडं फिरकू नको. तो जरा हिरमुसला. पण गेल्या महिन्यात त्याचा फोन आला : स्टोअरमध्ये त्याला मुदत संपलेलं मायक्रोमीटर सापडलं होतं आणि स्टोअरवाले त्याच्याशी बोलत नव्हते.

माझं म्हणाल तर मीही अजून सुटलेलो नाही. प्रमाणन संस्थांवरही देखरेख असते. आपल्याकडे भारतीय गुणवत्ता परिषदेचं मंडळ ती करतं. त्यांचा माणूस अधूनमधून आमच्याबरोबर तपासणीला येतो, कोपऱ्यात बसतो, काही बोलत नाही, नुसतं लिहितो. पुढच्या आठवड्यात सांगलीकडे जायचंय, तो बरोबर असणार आहे. काल मी बॅग भरली, मानकाची प्रत पुन्हा एकदा वाचली आणि वहीच्या पहिल्या पानावर मलाच आठवण म्हणून लिहून ठेवलं : आधी भट्टीवर, मग ऑफिसात.