बावन्न माणसांचं एकट्याचं वऱ्हाड
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आज मला तुमच्याशी डॉ. लक्ष्मण देशपांडे यांच्याविषयी बोलायचं आहे. हे नाव घेतलं की पुढचं तुम्हीच म्हणाल, ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. मराठवाड्याच्या एका खेड्यातलं वऱ्हाड लग्नासाठी विमानानं लंडनला निघतं, एवढंच कथानक. त्या वऱ्हाडात म्हातारे, पोरंसोरं, बाया, रुसणारे, समजूत घालणारे अशी तब्बल ५२ माणसं. आणि सुमारे तीन तास ती सगळी रंगवणारा नट एकच! लिहिणाराही तोच.

देशपांडे सरांचा जन्म ५ डिसेंबर १९४३चा. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. सरकारदरबारची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ला हा मुलूख मोकळा झाला, १९५६ला मुंबई राज्यात आला आणि १९६०ला महाराष्ट्रात. महाराष्ट्रात आल्यावर आम्हाला एक नवीनच गोष्ट समजली, ती म्हणजे आपण बोलतो ती मराठी ‘शुद्ध’ नाही! ‘कामून’ म्हटलं की हसू, ‘काय करायलास?’ म्हटलं की हसू. नाटकात अशी बोली यायची ती बहुतेक वेळा गड्याच्या नाहीतर बावळट पाहुण्याच्या तोंडी.

माझ्यासारख्याची तर दुहेरी पंचाईत. घरात दखनी, गल्लीत मराठवाडी आणि वर्गात पुस्तकी मराठी. मी बी.ए.ला असताना एका वक्तृत्व स्पर्धेत बोललो. नंतर परीक्षक म्हणाले, ‘विचार चांगले आहेत, पण आधी मराठी शिका.’ सभागृह हसलं. त्यानंतर कितीतरी दिवस चारचौघांत बोलताना मी प्रत्येक शब्द तपासून बाहेर काढायचो.

त्याच काळात मी ‘वऱ्हाड’ पाहिलं. प्रेक्षागृह खच्चून भरलेलं. ज्या शब्दांवर मला लोक हसले होते, तेच शब्द रंगमंचावरून येत होते आणि लोक पोट धरून हसत होते. पण या हसण्याची जात वेगळी होती. माझ्या शेजारी एक शेतकरी आजोबा बसले होते. हसता हसता ते मांडीवर थाप मारत म्हणाले, ‘आमचा दाजी असाच हाय!’ आपला माणूस ओळखू आल्याचं ते हसू होतं. रंगमंचावरचं कुठलंच पात्र केविलवाणं नव्हतं. ही माणसं विमानाला बिचकतात, नाही असं नाही. पण साऱ्या लंडनचा हिशेब ती आपल्या गावच्या मापानं करतात आणि त्यांना आपलंच माप खरं वाटतं.

सर आमच्या मराठवाडा विद्यापीठात, म्हणजे आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. नाट्यशास्त्राचा प्राध्यापक आणि तोंडी खेड्यातली बोली, हे ज्यांना जमत नव्हतं त्यांना सरांनी आपल्या प्रयोगानं उत्तर दिलं. पन्नासावर माणसं नुसत्या बोलण्यावरून वेगळी ओळखू यावीत, म्हणजे त्या भाषेत किती छटा असल्या पाहिजेत, विचार करा. सासऱ्याचा हेल वेगळा, पोराचा वेगळा, रुसलेल्या पाहुण्याचा आणखी वेगळा. ही भाषा गरीब असती तर दहाव्या पात्रालाच नाटक संपलं असतं.

एकपात्री प्रयोग मराठीला नवा नव्हता. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ त्याआधीची. पण मला आठवतं ते आमचं पैठण. तिथल्या एकनाथ महाराजांनी भारुडं लिहिली. भारूड करणारा एकटाच कधी जोशी होतो, कधी गोंधळी, कधी विंचू चावलेला माणूस. इकडे युरोपातही म्युझिक हॉलच्या जमान्यात एकटा कलावंत अख्खं सभागृह धरून ठेवायचा. फ्रेगोली नावाचा इटालियन नट तर विजेच्या वेगानं कपडे बदलून एकटाच डझनावारी पात्रं करायचा. सरांना कपडे बदलायला सवडच नव्हती. आवाज, मान, हात आणि डोळे, एवढ्या भांडवलावर त्यांचा सगळा कारभार.

एकट्यानं प्रयोग करण्याचा एक मोठा व्यवहारी फायदाही होता. मुंबई-पुण्यासारखी नाट्यगृहांची रांग मराठवाड्यात कुठली? मोठं नेपथ्य आणि वीस माणसांचा संच गावोगाव नेणं कुणाला परवडणार? एकट्या माणसाचं नाटक मात्र कुठेही पोचतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस निघालेलं हे वऱ्हाड महाराष्ट्रभर फिरलं, परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेलं. अडीच हजारांहून जास्त प्रयोग झाले. गिनीज बुकानं त्याची नोंद घेतली. जिथं नाटक गेलं नाही तिथं कॅसेट गेली. आमच्या मोहल्ल्यात ज्या घरी कधी मराठी नाटक पाहिलं नव्हतं, त्या घरातही ती कॅसेट वाजायची. ‘ये तो अपनेच लोगां हैं,’ असं माझी खाला म्हणायची. तिच्या दखनीतला तो ‘अपनेच’मधला ‘च’ मराठीतूनच आलेला आहे, बरं का!

२२ फेब्रुवारी २००९ला सर गेले. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पुढे संदीप पाठक यांनी हे वऱ्हाड पुन्हा रंगमंचावर आणलं. नव्या पिढीतली मुलं ते पाहतात आणि हसतात.

त्या मुलांशी मला थोडं बोलायचं आहे. तुमच्यातले काही जण पुण्याला नोकरीला गेल्यावर फोनवर आईशी दबक्या आवाजात बोलतात. शेजारच्या टेबलावर ‘कामून’ ऐकू जाऊ नये म्हणून. पुढच्या वेळी तो शब्द मोकळेपणानं म्हणून बघा. कुणी हसलं तर हसू द्या. मी आज कविता लिहितो त्या मराठीत गल्लीतले, घरातले, दखनीतले शब्द आपापल्या पायांनी येतात. आता दारात उभं राहून मी त्यांची तपासणी करत नाही. हे धाडस मला कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकानं दिलं नाही. ते मला त्या तीन तासांत मिळालं, तिकिटाच्या पैशांत.